धसकट, धनुर्वात आणि नसांमधला निरोप

निर्गुडी (सोमवार, रात्री ९:१०)

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, १९८६ च्या मार्चात धनुर्वात झाला. शाळू काढून झाला होता. कडब्याच्या पेंढ्या गोळा करताना तळपायात धसकट गेलं. शाळूचं रान पाहिलेल्यांना ठाऊक असेल, विळ्याने तिरका कापलेला बुडखा खिळ्यासारखा उभा असतो. दादांनी धसकट उपसून काढलं, आईने हळद दाबून चिंधी बांधली आणि दोघं पुन्हा कामाला लागली. जखम वरून तीन दिवसांत मिटलीसुद्धा. नवव्या दिवशी सकाळी दादांना भाकरीचा घास घ्यायला तोंड उघडेना. आईला वाटलं, दाढ सुजली असेल. संध्याकाळी मान ताठली, रात्रीपर्यंत पाठ लाकडासारखी झाली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं. खिडकीच्या काचांना काळा कागद, दाराला घोंगडी. आत बोलायचं नाही, पलंगाला हात लावायचा नाही. मी अकरा वर्षांची होते. डबा घेऊन गेले आणि माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. त्या आवाजासरशी दादांचं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं. पलंगाला टेकलेलं होतं फक्त डोकं आणि टाचा. दात आवळलेले, आणि डोळे उघडे, माझ्याकडे पाहणारे. धनुर्वातात शुद्ध जात नाही हे मला फार पुढे कळलं. त्यांना सगळं समजत होतं.

दादा वाचले. पाच आठवड्यांनी घरी आले. मी पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकले, आता नर्सिंगच्या मुलींना तेच शिकवते, आणि दर वर्षी चेतासंधीचा, म्हणजे दोन नसा जिथे भेटतात त्या जागेचा, धडा आला की ते झाकण आठवतं. कितीतरी वर्षं माझी समजूत होती की हे विष नसा पेटवत असणार. अभ्यास केल्यावर कळलं की ते नसांना मुकं करतं. फक्त मुकी होते ती नेमकी 'थांब' म्हणणारी नस. हे एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा काढते आहे. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.)

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते. मेंदूत ती साधारण वीस नॅनोमीटरची, म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी शेजारी शेजारी मावतील. विजेचा संदेश त्या फटीच्या काठापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पुढचा निरोप रसायनाच्या हाती. पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या तयार असतात, पाठ्यपुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. संदेश आला की टोकात कॅल्शियम शिरतं, पिशवी काठच्या पडद्यात मिसळते आणि आतलं रसायन फटीत सांडतं. पलीकडची पेशी ते ओळखून घेते. डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ यात जात नाही.

पण पिशवी पडद्यात आपणहून मिसळत नाही. दोन्ही पापुद्रे एकमेकांना दूर लोटतात, त्यांना खेचून भेटवावं लागतं. ते काम तीन प्रथिनं करतात. पिशवीवर असतं सिनॅप्टोब्रेविन, काठच्या पडद्यावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. अंबाडीचा दोर वळताना पाहिलाय ना? तसेच यांचे पेड एकमेकांत पिळत जातात. स्नॅप-२५ दोन पेड देतं, बाकीची दोघं एकेक, असा चार पेडी दोर. पीळ बसत जातो तशी पिशवी पडद्यावर ओढली जाते. पेशीतल्या पिशव्यांची ही सगळी ने-आण उलगडून दाखवल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना २०१३ साली नोबेल मिळालं.

आता विषाकडे. धनुर्वाताचा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम टेटनी. त्याचा सख्खा चुलतभाऊ क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम, खराब डबाबंद अन्नातून बोटुलिझम होतो तो याच्यामुळे. दोघांच्या विषांची घडण एकसारखी आहे. मोठा भाग नसेला धरतो आणि आत शिरायची वाट करतो. लहान भाग म्हणजे कात्री, तिच्या धारेशी जस्ताचा एक अणू. १९९२ साली इटलीतल्या पादुआ विद्यापीठात जियाम्पिएत्रो स्कियावो, चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टेटनसचं विष आणि बोटुलिनमच्या विषाचा बी प्रकार, दोन्ही सिनॅप्टोब्रेविनच कापतात. आणि कापतात ते अगदी एकाच जागी. ११६ अमिनो आम्लांची ती माळ, त्यातल्या ७६ व्या आणि ७७ व्या मण्याच्या मधोमध.

प्रथिन तेच, कापायची जागा तीच. तरी एका विषाने माणूस धनुष्यासारखा ताठतो आणि दुसऱ्याने ओल्या फडक्यासारखा लुळा पडतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

फरक आहे तो कात्री कुठे उघडते याचा. बोटुलिनमचं विष स्नायूपाशीच थांबतं. स्नायूला हुकूम देणारी नस तिथे अ‍ॅसिटिलकोलीन सोडते, ते रसायन सुटणंच बंद होतं. हुकूम नाही, म्हणून स्नायू ढिला. आधी पापण्या उतरतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

टेटनसचं विष शिरतं याच दारातून, पण तिथे उतरत नाही. नसेतून उलटं, दिवसाला जेमतेम वीतभर या चालीने, मेरुरज्जूपर्यंत चढतं. तिथे बाहेर पडतं, फट ओलांडतं आणि शेजारच्या पेशीत शिरतं. या शेजारणीचं काम आवर घालायचं. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाच्या मागचा स्नायू सैल सोडावा लागतो. तो सैल सोडायचा निरोप ती ग्लायसिन आणि गाबा या रसायनांनी देते. कात्री उघडते ती हिच्या पोटात. मग पुढचा आणि मागचा, दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळले जातात, आणि पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट म्हणून अंग मागे वाकतं. झाकण पडल्यावर दचकतो आपण सगळेच. पण तो दचका मेरुरज्जूत लगेच विझवला जातो. दादांच्या शरीरात विझवणारं कुणी उरलं नव्हतं.

---

पाणकळा (सोमवार, रात्री १०:०२)

ताई, अंगावर काटा आला. आमच्याकडं अजून लोखंड लागलं तरच टीटी घेतात. धसकट, बाभळीचा काटा लागला तर कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. गंजानं होतो ना हा रोग? आणि पायाला लागल्यावर तोंड कसं काय आधी बंद होतं?

निर्गुडी (सोमवार, रात्री १०:३०)

पाणकळादादा, गंजाचा यात काही हात नाही. १८८४ साली आर्थर निकोलायर या जर्मन संशोधकाने साधी बागेतली माती जनावरांच्या कातडीखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. उकळत्या पाण्यातही ते टिकून राहतात, कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मात्र जागे व्हायला त्यांना हवा नसलेली जागा लागते. म्हणून खरचटण्यापेक्षा खोल टोचलेली, वरून पटकन मिटलेली जखम घातक. बाभळीचा काटा खिळ्याइतकाच वाईट, आणि शेणखताच्या रानात तर जास्तच.

तोंडाचं असं आहे, विष जखमेपाशी तयार झालं तरी रक्तातून सगळ्या अंगात पोचतं आणि जिथे मिळेल तिथे नसेच्या टोकात शिरतं. पायापासून मेरुरज्जू हातभर लांब, जबड्याची नस बोटभर. जवळची वाट आधी संपते. विषाची चाल सगळीकडे सारखीच.

भूलवाला (सोमवार, रात्री ११:१५)

मी भूलतज्ज्ञ आहे, तीस वर्षांपैकी बरीच अतिदक्षता विभागात गेली. धनुर्वाताचे रुग्ण आता क्वचित येतात, पण जो पाहिला तो विसरता येत नाही. दोन गोष्टी जोडतो.

नातेवाईक नेहमी विचारायचे, "डॉक्टर, विषावर उतारा आहे ना, मग लगेच बरं का होत नाही?" उतारा म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन फक्त रक्तात आणि जखमेभोवती फिरणारं विष पकडतो. नसेच्या आत गेलेल्या विषापर्यंत तो पोचत नाही. आत गेलेली कात्री तिचं काम करतच राहते. म्हणून उतारा तासांचा हिशोब ठेवून द्यायचा, जखम उघडून स्वच्छ करायची, जिवाणू मारायला मेट्रोनिडॅझोल द्यायचं, आणि मग वाट पाहायची. पेशी नवं सिनॅप्टोब्रेविन तयार करून पुन्हा बोलती होईपर्यंत चार ते सहा आठवडे रुग्णाला जिवंत ठेवणं, एवढाच खरा उपचार.

डायझेपाम का देतो तेही या धाग्याच्या संदर्भात सांगतो. गाबाचा निरोप सुटत नाही, पण तो ऐकणारे पलीकडचे कान शाबूत असतात. जे थोडं गाबा अजून सुटतंय त्याचा परिणाम डायझेपाम मोठा करतं. कुजबुज ऐकायला कानाशी हात धरावा तसं. मॅग्नेशियमनेही आकडी कमी होते आणि रक्तदाबाचे झोके आटोक्यात राहतात. दुसऱ्या आठवड्यात हे झोकेच जीव घ्यायचे. तोवर घशाच्या आकडीची भीती, म्हणून गळ्यात नळी.

ती काळा कागद लावलेली खोली गरीब दवाखान्यांतलं सगळ्यात प्रभावी साधन होती. निर्गुडीताई, तुमच्या हातून झाकण पडलं ते मनाला लावून घेऊ नका. झाकण नाही तर खोकल्यानेही आकडी येते.

कुडाळी (मंगळवार, सकाळी ७:४०)

आमच्या कोकणात काजऱ्याचं झाड असतं, त्याच्या बिया म्हणजे कुचला. लहानपणी आजोबा त्या झाडाखालचं काही तोंडात घालू देत नसत. कुत्र्यांना कुचला घातला की ती अशीच ताठून मरत, असं ते सांगायचे. हे प्रकरण धनुर्वाताशी जोडलेलं आहे का?

भूलवाला (मंगळवार, सकाळी ८:२०)

अगदी जवळचं नातं आहे. कुचल्यातलं स्ट्रिक्निन ग्लायसिनच्या निरोपालाच आडवं येतं, पण फटीच्या पलीकडून. धनुर्वातात निरोप सुटत नाही, कुचल्यात निरोप सुटतो आणि ऐकणाऱ्याचा कान बुजलेला असतो. बाहेरून दिसतं जवळपास सारखंच. ओळखायची खूण अशी की कुचल्याची आकडी काही मिनिटांत सुरू होते आणि दोन आकड्यांच्या मध्ये अंग सैल पडतं. धनुर्वातात मधल्या वेळातही पोट फळीसारखं कडक, जबडा बंदच.

नेकारकाठ (मंगळवार, दुपारी १:०५)

मी जर्मनीत हाइलब्रॉनला राहतो. इथून जवळच वाइन्सबर्ग गाव आहे, यूस्टिनुस केर्नर तिथला सरकारी डॉक्टर, आणि कवीसुद्धा. त्याच्या घराचं संग्रहालय केलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वुर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसं मरायची. केर्नरने एकेका रुग्णाची नोंद ठेवली आणि १८२२ साली दीडशेच्या वर रुग्णांची हकिकत छापली. उतरलेल्या पापण्या, सुकलेले डोळे, कोरडी जीभ, आणि शेवटपर्यंत शाबूत असलेली शुद्ध. ते विष त्याने स्वतः थोडं चाखूनही पाहिलं.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. जिवाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आणि हा माणूस लिहितो की हे विष नसेतून जाणारा संदेश तोडतं, आणि अगदी थोड्या मात्रेत दिलं तर अतिचंचल नसांच्या रोगांवर औषध म्हणून चालेल. ते औषध प्रत्यक्षात यायला दीडशेच्या वर वर्षं लागली. बोटुलस हा लॅटिन शब्द, अर्थ सॉसेज. रोगाचं नाव तिथूनच आलं.

जिवाणू सापडला तो बेल्जियममध्ये. १८९५ च्या डिसेंबरात एलझेल नावाच्या गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. चौतीस जणांपैकी तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेमने त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जिवाणू वेगळा केला आणि १८९७ साली सविस्तर छापलं. मांस खारवणीच्या तळाशी, हवेपासून दूर राहिलं होतं.

हिंगजिरं (मंगळवार, दुपारी ३:३०)

मग आपल्या लोणच्यांचं काय? मी वर्षाचं कैरीचं लोणचं घालते, आणि सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवते. हवा तर तिथेही नसते.

निर्गुडी (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

कैरी-लिंबाच्या लोणच्याची काळजी नको. या जिवाणूला आंबटपणा सोसत नाही, सामू ४.६ च्या खाली गेला की त्याची वाढ थांबते, शिवाय आपण मीठ सढळ घालतो. लसणाची बरणी मात्र आजच काढा. लसूण आंबट नाही, मातीतून येतो आणि तेलाखाली हवा नसते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये अशाच तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोटुलिझम झाला होता. लागेल तेवढाच करा आणि फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

विष स्वतः उष्णतेला नाजूक असतं, चांगलं दहा मिनिटं उकळलं की मोडतं. बीजाणू मात्र उकळून मरत नाहीत. त्यांना कुकरच्या दाबातली १२१ अंशांची उष्णता लागते.

बाळंतविडा (मंगळवार, रात्री ९:४५)

बीजाणूंवरून विचारते. माझ्या मुलीला गुरुवारी बारावा दिवस, बारसं आहे. सासूबाईंची इच्छा आहे की आत्याने बाळाला मधाचं बोट चाटवावं. आमच्या बालरोगतज्ज्ञ नको म्हणाल्या, पण कारण सांगायला त्यांना वेळ नव्हता. सासूबाईंचं म्हणणं, मध त्यांच्या भावाच्या रानातला आहे, एकदम शुद्ध, आणि त्यांच्या तिन्ही मुलांना दिला होता. मला त्यांना दुखवायचं नाहीये.

निर्गुडी (मंगळवार, रात्री १०:१०)

बाळंतविडा, देऊ नका. वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही.

मधात बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात. त्याचा शुद्धतेशी संबंध नाही, मधमाशी फुला-मातीत हिंडते आणि धूळ घेऊन येते. मोठ्यांच्या पोटात इतर जिवाणूंची इतकी दाटी असते की हे बीजाणू रुजत नाहीत. तान्ह्या बाळाचं आतडं मोकळ्या रानासारखं असतं. तिथे ते रुजतात आणि विष आतच तयार होऊ लागतं. हा प्रकार वैद्यकाने १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला. आधी शी होईनाशी होते, मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडणं बारीक होतं, मान लटकते. मध गरम करूनही उपयोग नाही, कारण वर लिहिलं ते.

सासूबाईंना सांगा की त्यांच्या मुलांना काही झालं नाही हे खरंच आहे, कारण प्रत्येक बरणीत बीजाणू नसतात. पण कुठल्या बरणीत आहेत हे डोळ्याला दिसत नाही. आत्याचा मान राहायला हवा असेल तर कानात नाव सांगायचा मान तिचाच असतो. मधाचं बोट पहिल्या वाढदिवशी.

जुनंजाणतं (मंगळवार, रात्री ११:००)

मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. नातू टाइप करून देतो आहे. तुम्ही शिकलेल्या मुली जुन्या चालीरीतींना नावं ठेवता तेव्हा वाईट वाटतं. आमच्यात नाळ विळ्याने कापून वर शेणाच्या गोवरीची राख लावत. मला सात मुलं झाली, पाच जगली.

निर्गुडी (मंगळवार, रात्री ११:२५)

आजी, नमस्कार करते. नावं ठेवायची माझी छाती नाही. तुम्ही त्या काळात हाताशी असलेल्या गोष्टींनी पाच मुलं वाढवलीत.

पण राखेबद्दल सांगायला हवं. कापलेली नाळ म्हणजे उघडी जखम, आणि शेण हे या बीजाणूंचं घरच. बाळ पहिले दोन दिवस छान दूध पितं, मग तिसऱ्या दिवसापासून कधीतरी ओढणं सोडतं, मुठी आवळतं, ताठतं. एवढ्याशा जिवाच्या नसा आखूड, विषाला वाट थोडीच चालावी लागते. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सहाव्या दिवशी सटवाई, आणि तोवर घरातल्यांच्या जिवात जीव नसायचा. बायकांना हे दिवस किती धोक्याचे आहेत ते पक्कं माहीत होतं. उपाय त्यांच्या हातात नव्हता.

उपाय आईच्या दंडातून आला. गरोदरपणी टीटीची सुई दिली की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि ते सुरक्षित कवच घेऊनच जन्मतं. ती सुई, दवाखान्यातली बाळंतपणं आणि नाळेसाठी कोरं पातं, यांमुळे २०१५ साली भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याची मान्यता मिळाली. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो. बीजाणू मातीत आहेत तिथेच आहेत, म्हणून सुई थांबवता येत नाही. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते.

जुनंजाणतं (बुधवार, सकाळी ६:५०)

दोन गेली ती सहाव्या आणि आठव्या दिवशी गेली. अंग ताठ झालं होतं. आम्ही म्हणायचो, बाळाला आकडी आली. बरं झालं सांगितलंस, बाई.

परळकर (बुधवार, सकाळी १०:१५)

वरचा प्रतिसाद वाचून काही वेळ लिहावंसं वाटलं नाही. आजी, नमस्कार.

धनुर्वात आणि मुंबईचा एक जुना धागा सांगतो. प्लेगच्या काळात वाल्देमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून देशभर लस जायची. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली. त्यातल्या ज्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस दिली होती ते सगळे धनुर्वाताने मेले. चौकशीत बोट परळकडे दाखवलं गेलं आणि हाफकिन यांचं काम गेलं. पण ती बाटली उघडताना गावातच मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, असं कागदपत्रांत होतं. शिवाय परळहून निघतानाच लसीत बीजाणू असते तर उघडल्यावर तिला दुर्गंधी आली असती, तशी आली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' मध्ये पत्र लिहून बाजू मांडली, १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. मी लहानपणापासून त्या फाटकासमोरून जातो आहे, चिमट्याची गोष्ट कळल्यापासून मात्र थांबून पाहतो.

आणि १९६३ साली धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती मुंबईतच. इथल्या वॉर्डांत इतके रुग्ण असत की जगातल्या डॉक्टरांना शिकायला इथेच यावं लागलं.

उजवाहात (बुधवार, दुपारी ४:२०)

माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी मूठ इतकी आवळलेली असते की नखं तळव्यात रुततात, वहिनी मुठीत कापडाची गुंडाळी ठेवतात. आता डॉक्टरांनी बोटुलिनमची इंजेक्शनं सुचवली आहेत. हा धागा वाचल्यावर मला भीती वाटू लागली आहे. आणि परिणाम तीन-चार महिनेच टिकतो म्हणतात, मग एवढा खर्च करायचा का?

निर्गुडी (बुधवार, रात्री ८:०५)

भीती मला समजते, पण इथे मात्रा फार सूक्ष्म असते आणि ज्या स्नायूत टोचतात तिथेच बहुतांशी राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने हे औषध तिरळ्या डोळ्यांसाठी तयार केलं, अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठी त्याचा बोलबाला झाला तो नंतर. इंजेक्शननंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र तडक दवाखाना गाठायचा, हे लक्षात ठेवा.

तुमच्या भावाच्या मुठीत काय झालंय पाहा. मेंदूकडून मेरुरज्जूवर जो आवर असतो तो पक्षाघाताने तुटला. आवर सुटलेल्या नसा स्नायूला सारखा हुकूम देत राहतात. तुटलेला आवर बोटुलिनम जोडून देत नाही, पण हुकमाचा आवाज स्नायूपाशी उतरवतो. ए प्रकारचं विष यासाठी वापरतात, ते स्नॅप-२५ कापतं. २०६ मण्यांच्या माळेतले शेवटचे फक्त नऊ मणी. तेवढ्याने दोराचा पीळ बसत नाही.

परिणाम टिकाऊ का नाही, याचं उत्तर मला शिकवताना सगळ्यात आवडतं. नसेचं टोक मुकं झालं की नस स्वस्थ बसत नाही. बाजूने नवे कोवळे फुटवे फोडते आणि ते स्नायूला हुकूम पोचवू लागतात. मूळ टोकातली कात्री हळूहळू झिजते, नवं स्नॅप-२५ तयार होतं, टोक पुन्हा बोलतं झालं की ते फुटवे आखडून जातात. छाटलेल्या जास्वंदीसारखं.

म्हणून हे तीन-चार महिने म्हणजे संधी समजा. मूठ सैल असताना बोटं ताणायचा व्यायाम रोज झाला तर सांधे आखडत नाहीत, नखं रुतून जखम होत नाही, हात धुता येतो. वहिनींना फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यायला सांगा, इंजेक्शनच्या आधीच.

भूलवाला (बुधवार, रात्री ८:४०)

सहमत. इंजेक्शन दिलं आणि व्यायाम केला नाही तर पैसे वाया जातात, हे मी पाहिलंय.

बाळंतविडा (शुक्रवार, सकाळी ११:३०)

बारसं छान झालं. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या गप्प बसल्या, मग बाटली उचलून आतल्या कपाटात ठेवली आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली, 'पुढच्या वर्षी'. नाव ठेवलं मृण्मयी.

पाणकळा (शुक्रवार, रात्री ९:००)

ताई, एक विचारायचं राहिलं. आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो, दोघांनी टीडी घेतलं. सिस्टर म्हणाल्या आता दहा वर्षं बघायला नको, खोल, घाण जखम झाली आणि पाच वर्षं उलटली असली तरच परत या. आमच्याकडं दर सहा महिन्याला टोचून घेणारी माणसं आहेत, त्यांना आता सांगता येईल. पण तुमच्या दादांना तर रोगच होऊन गेला, मग त्यांना परत लसीची गरज नसेल ना?

निर्गुडी (शुक्रवार, रात्री ९:३५)

दादांनीही घरी सोडताना हेच विचारलं होतं. सिस्टर लस घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "आता कशाला? भोगून झालं की." गोवर एकदा झाला की सहसा परत होत नाही, म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं. पण हे विष इतक्या थोड्या मात्रेत माणसाला आडवं करतं की तेवढ्याने शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याची ओळखसुद्धा पटत नाही. किलोमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. रोग होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. लसीत तेच विष निकामी करून, पण भरपूर मात्रेत देतात, तेव्हा कुठे शरीर शिकतं. दादांनी दंड पुढे केला आणि नंतरच्या सगळ्या सुया तारखा लिहून ठेवून घेतल्या.

ते २०१९ साली गेले, वयाने, झोपेत. शाळू काढलेल्या रानात त्यानंतर ते कधी अनवाणी गेले नाहीत. पेरणीच्या दिवशी मात्र चपला बांधावरच काढायचे.